पॉपकॉर्नचं बिल तिकिटांच्या वर गेलं तेव्हा

वाचकाचं पत्र

आम्ही चिंचवडला राहतो. मी, माझे मिस्टर, सासूबाई, नऊ वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी. गेल्या शनिवारी संध्याकाळी मॉलमध्ये सिनेमाला गेलो. पाच तिकिटं ३२० प्रमाणे १,६०० रुपये. ऑनलाइन बुकिंगचा आकार १७७. आत दोन मोठे पॉपकॉर्न ७८०, तीन कोल्ड्रिंक ६३०, नाचोज २८०, पाण्याच्या दोन बाटल्या १४०. पार्किंग ८०. एकूण ३,६८७ रुपये! मिस्टर म्हणाले, यापुढे काय ते घरीच टीव्हीवर बघायचं. पण सासूबाईंना मोठ्या पडद्यावर मराठी सिनेमा बघायची फार हौस. त्यांना मधुमेह आहे. पर्समध्ये दोन खाकरे होते, तेही दारावर काढून घेतले. ऑनलाइनचा आकार बेकायदा आहे असा मेसेज आला होता, ते खरं का? जीएसटी कमी झाला म्हणतात, मग तिकीट का उतरलं नाही? बाहेरचं खाणं आत नेण्याचा आपल्याला हक्क नाही का? की सिनेमाच सोडून द्यायचा?

— एक वाचक, चिंचवड

उत्तर

ताई, सिनेमा सोडू नका. तुम्ही आकडे नीट लिहून पाठवलेत हे फार बरं केलंत, कारण त्यातच उत्तर आहे. ३,६८७ पैकी तिकिटांचे १,६०० आणि खाण्यापिण्याचे १,८३०. म्हणजे सिनेमापेक्षा मध्यंतर महाग पडलं. काटकसर करायची ती तिथेच. पडद्यासमोरची खुर्ची शेवटी कापायची.

असं का होतं ते आधी बघू, म्हणजे पुढचा हिशेब सोपा जाईल. ३२० रुपयांच्या तिकिटात १८ टक्के जीएसटी धरलेला असतो. तो काढला की उरतात २७१. हिंदी चित्रपटांसाठी २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यातला संप मिटला तेव्हा वाटणीचं एक सूत्र ठरलं. कर वजा जाता पहिल्या आठवड्यात ५० टक्के वितरकाला, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस, पुढे ३०. सिनेमागणिक बोलणी वेगळी होतात, पण धोरण हेच. म्हणजे पहिल्या आठवड्यात तुमच्या एका तिकिटातून थेटरच्या हातात साधारण १३५ रुपये पडतात, पाचांचे मिळून ६७८. खाद्यपदार्थांत मात्र वितरकाचा वाटा नसतो. ७८० च्या दोन पॉपकॉर्नमधून ५ टक्के जीएसटी गेला की ७४३ रुपये सगळे थेटरचे. दोन डब्यांनी पाच तिकिटांपेक्षा जास्त गल्ला भरला. मॉलचं भाडं, वीज, पगार या गल्ल्यातून निघतात, म्हणून तिकीट खिडकीवर तुम्हाला कधीमधी सवलत मिळेल, खाण्याच्या काउंटरवर ती सहज मिळणार नाही. तिथे कॉम्बो मिळतो. १५०-२०० रुपयांत 'मोठा करून घ्या' असा आग्रह होतो आणि नको असलेलं कोल्ड्रिंक गळ्यात पडतं.

आता तुमचे प्रश्न.

जीएसटीचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून कर उतरला तो १०० रुपये किंवा त्याहून कमी किमतीच्या तिकिटांवर, १२ वरून ५ टक्के. शंभराच्या वरच्या तिकिटांवर १८ टक्के होता तो तसाच आहे. शनिवार संध्याकाळचं तुमचं तिकीट त्या सवलतीत बसतच नाही. १०० रुपये मूळ किमतीचं तिकीट करासह १०५ ला पडतं आणि मूळ किंमत १०१ केली की तेच ११९ च्या वर जातं. स्वस्त तिकिटांच्या योजना ९९ च्या आसपास का घुटमळतात, त्याचं हेही एक कारण. तिकिटाला कमाल मर्यादा घालणारी काही राज्यं आहेत. महाराष्ट्रात तशी मर्यादा नाही, म्हणून एकाच पडद्यावरचा एकच सिनेमा सकाळी १८० ला आणि रात्री ३८० ला असू शकतो. ही तफावत तुमच्या बाजूने वापरायची, ते पुढे सांगतो.

ऑनलाइन आकाराबद्दलचा तुम्हाला आलेला मेसेज जुना आहे. महाराष्ट्र सरकारने २०१३ आणि २०१४ मध्ये असा आकार घ्यायला मनाई करणारे आदेश काढले होते. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये ते रद्द केले. घरबसल्या तिकीट काढण्याची सोय हवी त्याने पैसे द्यावेत, नको त्याला खिडकी मोकळी आहे, असा त्याचा आशय. तेव्हा आकार कायदेशीर आहे. मात्र एक बघा, हा आकार प्रत्येक तिकिटामागे लागतो, बुकिंगमागे नाही. तुमच्या बिलात ३० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५ रुपये ४० पैसे, गुणिले पाच. एकट्या माणसाला हे चालून जातं, कुटुंबाला टोचतं. पैसे भरण्याच्या पानावर तपशील उघडून बघायची सवय लावा. तिकिटामागे रुपया-दोन रुपये देणगी किंवा विमा आपोआप जोडलेला असेल तर खूण काढून टाका. ग्राहकाला न विचारता देणगी बिलात घुसवणं ही नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय नियमावलीनुसार अनुचित प्रथा आहे. खूण काढता येत नसेल तर पानाचा स्क्रीनशॉट घेऊन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

खाकऱ्यांचं वाचून वाईट वाटलं. पण हक्काच्या बाबतीत खरं तेच सांगायला हवं. सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी निकाल दिला की आत काय न्यायचं हे ठरवण्याचा अधिकार थेटरमालकाचा आहे. बाहेरचं खाणं तो अडवू शकतो. त्याच निकालात दोन गोष्टी आपल्या बाजूच्या आहेत आणि त्या पाठ करून ठेवा. पिण्याचं स्वच्छ पाणी सगळ्या प्रेक्षकांना फुकट मिळायला हवं. आणि आईबापांसोबत लहान मूल असेल तर त्याच्यापुरतं खाणं नेता येतं. तुमची चार वर्षांची मुलगी यात बसते. एका छोट्या डब्यात तिच्यापुरता खाऊ, त्याहून मोठा डबा नको. नऊ वर्षांच्या मुलाचे वेफर्स त्यात लपवलेत तर दारावर दोन्ही जातील.

सासूबाईंच्या बाबतीत वेगळं वागा. खाकरा हक्क म्हणून मागू नका, दारावर हुज्जतही नको. तिथला सुरक्षारक्षक निर्णय घेऊ शकत नाही, त्याची नोकरी असते. ड्यूटी मॅनेजरला बोलवायला सांगा, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो दाखवा आणि शांतपणे विनंती करा. त्या इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असतील तर ग्लुकोजची पुडी जवळ हवीच. ती खाण्याच्या डब्यात न ठेवता औषधांच्या पाकिटात चिठ्ठीसोबत ठेवा. आणि मुख्य म्हणजे त्यांचं जेवण खेळाच्या आधी अर्धा-पाऊण तास उरका. अडीच-तीन तासांचा सिनेमा, वर सुरुवातीच्या १५-२० मिनिटांच्या जाहिराती, जायचा-यायचा वेळ, असे चार तास सहज जातात. तेवढा वेळ त्यांना उपाशी राहायला लागू नये.

पाण्यावर तुमचे १४० रुपये गेले, ते अख्खे वाचले असते. पाण्याचं मशीन बहुतेक वेळा स्वच्छतागृहाच्या बाजूला, नजरेआड असतं. दिसलं नाही तर काउंटरवर "फुकटचं पिण्याचं पाणी कुठे आहे?" असं स्पष्ट विचारा. नुसतं "पाणी आहे का?" विचारलंत तर बाटली पुढे येते. रिकामी स्टीलची बाटली सोबत ठेवून बघा. अडवली तर सोडून द्या आणि ग्लास मागा. मशीन बंद असेल तर मॅनेजरकडे तक्रार नोंदवा, फोटो काढा. बाटली विकत घ्यायची वेळ आलीच तर तिच्यावरची छापील किंमत वाचा. बाहेर २० ला मिळते तीच बाटली असते असं नाही, कंपनी किंवा माप वेगळं असू शकतं. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले तर बिल आणि बाटलीचा फोटो जपून ठेवा, वैधमापनशास्त्र विभागाकडे तक्रार करता येते.

आता वेळ आणि खुर्ची. मुलांची शाळा असल्यामुळे तुम्हाला शनिवार-रविवारच सोयीचा, हे समजतं. पण शनिवारी संध्याकाळी सहा ते दहा हा आठवड्यातला सगळ्यात महाग तुकडा. त्याच शनिवार-रविवारी सकाळी नऊ-दहाचा पहिला खेळ बहुतेक ठिकाणी बराच स्वस्त असतो. मॉल रिकामा, पार्किंग मोकळं, सासूबाईंना गर्दीत धक्के नाहीत आणि दुपारी दीडपर्यंत घरी जेवायला. लहान मुलगीही सकाळी ताजीतवानी असते. संध्याकाळच्या खेळाला चार वर्षांचं मूल मध्यंतरानंतर पेंगतं किंवा कंटाळतं, मग त्याला गप्प बसवायला दुसऱ्यांदा काउंटरवर जावं लागतं. दुसऱ्या फेरीतला पैसा बहुतेक असाच जातो.

शाळेला सुट्टी असेल तेव्हा सोमवार ते गुरुवार गाठा. या चार दिवसांत खुर्च्या रिकाम्या असतात, म्हणून सगळ्या सवलती इथेच येऊन पडतात. पीव्हीआर-आयनॉक्सने २०२३ मध्ये ६९९ रुपयांत महिन्याला दहा चित्रपटांचा पास काढला, तोही सोमवार ते गुरुवारपुरताच होता. असे पास एकाच व्यक्तीच्या नावावर असतात. एकट्याने भरपूर सिनेमे बघणाऱ्याला परवडतात, पाच जणांच्या घराला नाहीत, तुम्ही त्या फंदात पडू नका. काही थेटरं मंगळवारी तिकिटं स्वस्त देतात, ती मात्र तुमच्या कामाची. फक्त दिवाळी, नाताळ किंवा सरकारी सुट्टीच्या दिवशी आठवड्याचा मधला वार असला तरी दर रविवारचा लावतात, ते तपासून घ्या. राष्ट्रीय सिनेमा दिन २०२२ मध्ये २३ सप्टेंबरला ७५ रुपयांत, २०२३ मध्ये १३ ऑक्टोबरला आणि २०२४ मध्ये २० सप्टेंबरला ९९ रुपयांत झाला. तारीख ठरलेली नसते आणि थोडेच दिवस आधी कळते. त्या दिवशी रात्रीचे खेळ लगेच भरतात, शेजारशेजारच्या पाच खुर्च्या सकाळच्या खेळालाच मिळतील.

खिडकीवर तिकीट काढायला जायचं आणि हाउसफुल्ल निघालं तर, ही धास्ती रास्त आहे. त्यावर तोडगा असा. आदल्या रात्री ॲपवर त्या खेळाचा खुर्च्यांचा नकाशा उघडा, पैसे भरू नका. निम्म्याहून जास्त खुर्च्या मोकळ्या असतील तर सकाळी खेळाच्या ४० मिनिटं आधी खिडकीवर पोहोचा. भराभर भरत असेल तर ऑनलाइन काढा आणि आकार सोसा. केवळ १७७ वाचवायला आदल्या दिवशी मॉलपर्यंत गाडी काढलीत तर पेट्रोल-पार्किंगमध्ये त्यातले बरेच जातील. त्या बाजूला दुसरं काम असेल तरच आगाऊ तिकिटं खिडकीवर काढून ठेवा. कार्डावरच्या 'एकावर एक मोफत' योजनेत मोफत तिकिटाला रकमेची मर्यादा असते, आकार बहुधा दोन्ही तिकिटांवर लागतो आणि महिन्याचा कोटा सुरुवातीलाच संपतो. मोफत म्हणून महागड्या खुर्चीचं तिकीट काढू नका.

खुर्ची निवडताना नकाशावर पडद्याची खूण कुठे आहे ते आधी बघा. काही थेटरांत 'ए' रांग पडद्याजवळ असते, काहींत सगळ्यात मागे. इथे चूक झाली की स्वस्त समजून घेतलेली रांग नाकासमोर येते. रिक्लायनर सोडा, मुलांचे पाय तिथे लोंबकळतात. आवाज साधारण पडद्यापासून दोन-तृतीयांश अंतरावर सगळ्यात समतोल लागतो. त्या पट्ट्यातल्या साध्या खुर्च्या घ्या. पुढच्या स्वस्त रांगा सरसकट वाईट नसतात, लहान प्रेक्षागृहात चौथी-पाचवी रांग उत्तम असते. मानेला त्रास होईल का हे ओळखायची एक युक्ती आहे. खुर्चीत बसून हात सरळ समोर ताणा, मूठ वळा आणि डोळ्यांच्या पातळीपासून मुठीवर मूठ मोजत वर जा. हात ताणून धरलेली एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. पडद्याची वरची कड साडेतीन मुठींच्या आत असेल तर ठीक. त्याहून वर गेली तर मध्यंतरापर्यंत मान धरेल. एकदा मोजलंत की त्या प्रेक्षागृहाचा क्रमांक आणि मानवलेली रांग फोनमध्ये टिपून ठेवा, पुढच्या वेळी ६०-७० रुपये कमी देऊन तीच रांग बिनधास्त घेता येईल. सासूबाईंना वाटेलगतची कडेची खुर्ची द्या. पायऱ्यांवर अंधार असतो, म्हणून जाहिराती सुरू व्हायच्या आधी आत बसा. पाच खुर्च्या एका ओळीत नसतील तर एकामागे एक तीन-दोन घ्या, मुलं पुढे आणि मोठी माणसं मागे.

बुकिंगआधी सिनेमाचं सेन्सॉर प्रमाणपत्र वाचायला विसरू नका. 'ए' असेल तर १८ खालच्या मुलांना प्रवेश नाही, आणि दारावरून परत फिरलात तर पैसे सहसा मिळत नाहीत. आता यूए ७+, १३+, १६+ असे प्रकारही असतात. तिथे प्रवेश बंद नसतो, आईबापांनी ठरवायचं असतं. तीन वर्षांपासून पुढे मुलाचं पूर्ण तिकीट लागतं, मांडीवर बसवू म्हणून चालत नाही.

मिस्टरांची घरी बघायची सूचनाही पूर्ण मोडीत काढू नका. मोठे हिंदी सिनेमे बहुधा आठ आठवड्यांनी ओटीटीवर येतात. ज्याची मुलांना फार ओढ नाही तो तेव्हा बघावा. आणि पॉपकॉर्न घरी करा, ते थेटरपेक्षा चांगले होतात. जाड बुडाच्या, घट्ट झाकणाच्या पातेल्यात दोन मोठे चमचे तेल आणि मक्याचे फक्त तीन दाणे टाका. तिन्ही फुटले की तेल तापलं. आता १०० ग्रॅम मका घाला, गॅसवरून उतरवून अर्धा मिनिट थांबा आणि परत चढवा. या अर्ध्या मिनिटात सगळे दाणे सारखे तापतात, म्हणून जवळजवळ एकदमच फुटतात आणि तळाचे करपत नाहीत. झाकण केसभर तिरकं ठेवा. दाण्यातलं पाणी वाफ होऊनच तो फुटतो आणि ती वाफ आत कोंडली की लाह्या चामट होतात. दोन फुटण्यांमध्ये दोन-तीन सेकंद जायला लागले की उतरवा. मीठ मिक्सरमधून पिठीसारखं करून घ्या, जाड मीठ चिकटत नाही, तळाशी राहतं. पाच जणांना पुरून उरतात.

आता तुमचा हिशेब पुन्हा मांडू. रविवार सकाळचा खेळ, १८० प्रमाणे पाच तिकिटं खिडकीवर, ९००. घरून थालीपीठ खाऊन निघायचं, मुलीचा छोटा डबा सोबत. मध्यंतरात एकच मोठा पॉपकॉर्न, ३९०, त्याचं कॉम्बो करायचं नाही. पाणी फुकट. पार्किंग ८०. झाले १,३७०. त्याच ३,६८७ रुपयांत तुम्ही दोनदा जाल आणि वर जवळजवळ साडेनऊशे उरतील. मुलांना घरातून निघतानाच सांगा की पॉपकॉर्न एक आणि तो मध्यंतरात. काउंटरसमोर, त्या वासात उभं राहून ही बोलणी कोणालाच जमत नाहीत.

जवळपास एकपडदा थेटर असेल तर तेही बघा, तिकीट आणि खाणं दोन्ही आवाक्यात असतं. पण आधी मिस्टरांना एकट्याला पाठवून स्वच्छतागृह, एसी आणि आवाज तपासायला सांगा. बाल्कनीला बहुतेकदा लिफ्ट नसते, सासूबाईंसाठी खालची तिकिटं घ्या.

आणि एका बाबतीत आमचा सल्ला वरच्या सगळ्याच्या उलट आहे. सासूबाईंच्या आवडीचा मराठी सिनेमा लागला तर स्वस्त मंगळवारची वाट बघू नका. शुक्रवार ते रविवार या तीन दिवसांचा गल्ला बघून पुढचे खेळ ठरतात. तीन दिवस खुर्च्या रिकाम्या दिसल्या की मराठीचे खेळ आधी कमी होतात, उरतो तो दुपारी सव्वाबाराचा किंवा रात्री साडेदहाचा, जो तुमच्या घरातल्या कोणालाच सोयीचा नाही. मराठीसाठी पहिल्याच शनिवार किंवा रविवारची सकाळ धरा. तिकिटामागे ४०-५० रुपये जास्त गेले तर जाऊ द्या, नाचोजचे २८० वाचलेतच, त्यातून ते भरून निघतात.